इंजिन कुठे बसणार?

१९ जून १९८४

चि. धाकट्या,

माझे आशीर्वाद तुझ्या नावावर कायमचे जमा आहेत असं समज. दर पत्राच्या डोक्यावर ते लिहायचा मला कंटाळा येतो.

मावशीचं पत्र आलं. तुझ्या गावाची आमच्या पारवा गाडीची एजन्सी तुला मिळाली हे वाचून मी इथे हातातलं पातं खाली ठेवलं आणि सगळ्या खोलीला चहा पाजला. मावशी मात्र थोडी खट्टू दिसते. पाटीवर गाडीचं नाव मोठं आणि लेकाचं नाव खाली बारीक, हे तिला पसंत नाही. तिला म्हणावं, मी इतकी वर्षं या कंपनीत माती थापतोय, माझं नाव तर बारीकसुद्धा कुठे नाही.

तू विचारलं होतंस, मी नेमकं करतो काय. तर ऐक. नवी गाडी कागदावर काढून झाली की तिचा पुऱ्या मापाचा पुतळा आम्ही मातीत घडवतो. आत लाकडाचा सांगाडा, त्यावर भट्टीत मऊ केलेली तपकिरी माती, आणि मग महिनोन् महिने पात्यांनी तासत बसायचं. झाली की वर चंदेरी पापुद्रा ताणून बसवतो. लांबून बघणारा दार उघडायला हात पुढे करतो. एवढं झालं की मग येतात इंजिनवाले, हातात पट्ट्या घेऊन. म्हणे बॉनेट दोन बोटं वर घ्या, नाहीतर इंजिन बसायचं नाही. माझ्या हातून उतरलेल्या सुरेख रेघेला ते कुबड आणून ठेवतात. या खेपेला त्यांच्या साहेबाशी माझं इतकं वाजलं, की आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवावं लागलं. शेवटी बॉनेट वर घेतलंच. दर वेळी घ्यावं लागतं.

मामाची टॅक्सी आठवते का? गावातली पहिली पारवा. बॉनेटवरच्या त्या पितळी पक्ष्याला कुणी हात लावला की मामा खेकसायचा. मी बाहेरून पत्र्यावर हात फिरवत बसायचो आणि तू खाली शिरून पाठ काळी करून यायचास. मामा म्हणायचा, एकाला हिचा चेहरा आवडलाय, एकाला पोट. दोघांनी मिळून धंदा करा.

तो आता झाला म्हणायचा. तू आमचा माणूस झालास. इथे कुणी शिंकलं तरी पहिलं तुला कळवीन, हा माझा शब्द.

तुझा दादा


२ ऑगस्ट १९८४

दादा,

वाकून नमस्कार केला असता, पण कालपासून पाठ धरली आहे. शोरूम उघडल्यापासून बसायला मिळालेलं नाही.

गाडी एक आणि माणसं दहा अशी परिस्थिती आहे. नंबर लावून लोक थांबलेत. डॉक्टर, कंत्राटदार, शाळेचे ट्रस्टी, सगळ्यांना पारवाच हवी. घ्यायची नसते तेही येतात आणि दार उघडून लावून बघतात, कारण पारवाचं दार लागल्याचा तो जड, मऊ आवाज त्यांना ऐकायचा असतो. शेवटी आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री वैतागले. म्हणाले, एवढा आवडत असेल तर घरी कपाट करून घ्या. आमची ही हसून हसून बेजार झाली.

समोरचा टायरवाला तेवढा तोंड वाकडं करतो. काल म्हणाला, एकाच गाडीवर सगळा जीव टांगू नकोस, कंपन्यांचं काय खरं असतं? मी म्हटलं, मला काळजी नाही, माझा भाऊ आत आहे.

धाकटा


११ जानेवारी १९९६

दादा,

नमस्कार. या वेळी थट्टा नाही, कामाचं लिहितो.

धंदा बसलाय. तुमच्याकडे मालक बदलल्यापासून जी गाडी येते तिच्यावर पक्षी आहे, नाव आहे, पण ती पारवा नाही. पत्रा इतका पातळ, की बोट टेकवलं तर खळगा पडतो. दार लावलं की पत्र्याचा डबा आपटल्यासारखा आवाज येतो. परवा एक गिऱ्हाईक सहकुटुंब आलं, बाईंनी दाराची मूठ ओढली आणि ती मूठ त्यांच्या हातात आली. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. दादा, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आजूबाजूच्या गावांतले एजंट एकेक करून काढता पाय घेताहेत. आणि गेल्या आठवड्यात त्या दुसऱ्या मोटार कंपनीचा माणूस माझ्याकडे आला होता. त्यांना इथे एजन्सी द्यायची आहे आणि पहिली विचारणा मला आहे. मार्चअखेर लेखी उत्तर हवं. अट एकच, पारवा सोडायची. दोन पाट्या एका दुकानावर चालणार नाहीत.

आमची ही म्हणते, डोळे मिटून हो म्हणा. मिस्त्री म्हणतात, आधी तुमच्या भावाला विचारा. म्हणून विचारतो. मला धीर देऊ नकोस, खरं सांग. पारवा बुडणार असेल तर बुडणार म्हण, मी मन घट्ट करून पाटी उतरवीन. तरणार असेल तर तसं लिही, मी त्या माणसाला परत पाठवीन. वर्कशॉपमधली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघताहेत, आणि मी तुझ्या.

धाकटा


२८ जानेवारी १९९६

चि. धाकट्या,

पाटीला हात लावू नकोस.

हे लिहायची मला परवानगी नाही, म्हणून पत्र वाचून झालं की चुलीत घाल. नवी पारवा येते आहे. ऐकीव नाही सांगत. गेले सात-आठ महिने मी तीच घडवतोय. अशी गाडी माझ्या हातून आजवर झाली नव्हती. बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत एकच रेघ जाते, कुठे अडखळत नाही. मी डोळे मिटून तळवा फिरवतो आणि मला मामाची टॅक्सी आठवते. फोटो काढायला बंदी आहे, म्हणून वेगळ्या कागदावर हातानं काढून पाठवतोय, प्रमाणात आहे. बघ आणि सांग, गिऱ्हाईक तुटून पडेल की नाही.

आणि गंमत ऐक. या खेपेला इंजिनवाले एकदाही भांडायला आले नाहीत. एकदाही नाही! मी रोज सकाळी दाराकडे बघतो, आता येतील पट्ट्या घेऊन, आता बॉनेट वर घ्यायला लावतील. कुणी फिरकत नाही. मोठ्या साहेबांनीच त्यांना बजावलेलं दिसतं, की या माणसाच्या हाताला हात लावू नका. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते या वयात मिळालं. सगळी गाडी माझ्या मनासारखी होते आहे.

पुढच्या महिन्यात बाहेरून बडी मंडळी बघायला येणार आहेत. खोलीला नवा रंग दिलाय, वर दिवे लावलेत. बुडणारी कंपनी असलं काही करते का? तू त्या माणसाला खुशाल वाटेला लाव.

तुझा दादा


९ फेब्रुवारी १९९६

दादा,

जीव भांड्यात पडला. तुझं चित्र मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाले, ही आली की टायरवाल्याला पेढे द्यायचे नाहीत, पेढ्यांचा नुसता रिकामा पुडा दाखवायचा. चित्र जाळलं नाही, माफ कर. पत्र जाळलं.

त्या माणसाला तोंडी नाही म्हणून सांगितलं. तो भला दिसतो. म्हणाला, लेखी मार्चअखेर द्या, तोवर दार उघडं आहे. आता फक्त कागदाचाच प्रश्न उरला.

एक शंका आहे. हसू नकोस. तुझं चित्र प्रमाणात असतं, यात तू कधी चुकत नाहीस, म्हणून मी चाकावरून बाकीचं माप काढलं. बॉनेट इतकं खाली आहे, की त्याखाली बॅटरी बसेल, पाण्याची बाटली बसेल, मांजर बसेल. इंजिन कुठे बसणार? मागे म्हणावं तर मागे तू चांगली ऐसपैस डिकी काढली आहेस. नवीन काही लहान इंजिन निघालंय का? असेल तर त्याचे सुटे भाग आतापासून मागवून ठेवतो. तुमच्यातल्या कुणाला तरी विचारून कळव. मला बाकी काही नको.

आमची ही म्हणते, तुम्ही म्हणजे नव्या नवरीच्या पोटातलं आधी बघणार. तर असा मी.

धाकटा


१८ मार्च १९९६

चि. धाकट्या,

उत्तराला उशीर झाला. काम फार होतं.

तुझ्या शंकेचं विचारलं. इंजिन बसतं. तू निश्चिंत राहा. त्यातलं फार बोलता येत नाही, आणि पत्रातून तर नाहीच. तुला सवयच आहे खालून बघायची. काही गोष्टी बाहेरून बघाव्या.

बडी मंडळी येऊन गेली. खूश होती.

एक काम होतं. माझी पारवा विकायची आहे. नवी आली की दारात दोन उभ्या करायला जागा नाही. इथे विकायला काढली तर खात्यात उगाच चर्चा होते, म्हणून ड्रायव्हरबरोबर तुझ्याकडे पाठवतो. गाडी कशी ठेवली आहे ते तुला माहीत आहे. चांगलं घर बघ. घाई नाही, पण एप्रिलात झालं तर बरं.

वहिनी बरी आहे. आमच्या चिमणीची कॉलेजची परीक्षा चालू आहे.

दादा


६ मे १९९६

दादा,

तुझ्या गाडीला चांगलं घर मिळालं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई बरेच दिवस मागे लागल्या होत्या, पण त्यांना या नव्या पातळ पत्र्यातली नको होती. तुझी गाडी बघितली आणि म्हणाल्या, ही ज्यानं वापरली तो माणूस सरळ असणार. मी म्हटलं, माझा भाऊच आहे. त्यांनी मग भावच केला नाही.

मार्चअखेर लेखी नकार दिला. ती एजन्सी समोरच्या टायरवाल्यानं घेतली. टायर सगळे मागच्या अंगणात गेले, आणि पुढे एवढ्या मोठ्या काचा बसताहेत की आमच्या दुकानात दुपारी त्यांचा झोत येतो. येऊ दे. आम्हीही शोरूमला रंग काढला. नवी पारवा मधोमध उभी करायची जागा मिस्त्रींनी खडूनं आखून ठेवलीय, आणि झाडणाऱ्या माणसाला ताकीद दिलीय, की खडू पुसायचा नाही.

तारीख कळली की लगेच लिही. तू हल्ली फार थोडं लिहितोस. तब्येत बरी आहे ना?

धाकटा


१४ डिसेंबर १९९६

दादा,

सकाळच्या पेपरात वाचलं. पारवा बंद. कारखाना, जागा, नाव, सगळं त्या दुसऱ्या कंपनीनं घेतलं, आणि घेतल्या घेतल्या पारवा कायमची बंद केली.

मी आणि मिस्त्री बराच वेळ खडूच्या चौकोनाशी उभे होतो. आतून कुणीतरी चहा आणला, तो गार झाला. नऊ माणसांपैकी सहांना मी आज पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सातव्याला सांगायचं उद्यावर टाकलं.

पण ते माझं मी बघीन. माझ्या डोक्यात सकाळपासून तूच आहेस. आयुष्य दिलंस त्या कंपनीला. एवढी गाडी हातानं घडवलीस आणि लबाडांनी तिला उजेड दाखवला नाही. या वयात तुला कोण माती देणार? वहिनीला आणि चिमणीला घेऊन सरळ इकडे निघून ये. वरच्या दोन खोल्या आमच्या हिनं आजच झाडून घेतल्या. आपण दोघं मिळून जुन्या गाड्या दुरुस्त करू. तू बाहेरचं बघ, मी आतलं. मामा म्हणायचा तसं.

लाजू नकोस. पत्र पोचलं की निघ.

तुझा धाकटा


९ जानेवारी १९९७

चि. धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. तुझा जीव मोठा आहे.

मलाही तुझ्याबरोबरच कळलं. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. इथे सगळेच तोंडघशी पडले.

सध्या येणं जमणार नाही. पोटापुरतं काही ना काही होईल. तू माझी काळजी करू नकोस.

दादा


२५ मे १९९७

दादा,

काल चिमणी येऊन गेली. मैत्रिणींबरोबर सहलीला निघाली होती, वाटेत काकाचं घर लागतं म्हणून थांबली. किती मोठी झाली रे. आमच्या हिनं तिला जवळ घेतलं. मी नेहमीच्या सवयीनं गाडीकडे वळलो.

ती गाडी त्या दुसऱ्या कंपनीची. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, पारवा आता मिळणार कुठून? पण मी मेकॅनिक माणूस, माझी नजर आधी खाली जाते. टायर चांगलेच झिजलेले होते. पुढचे दोन तर बदलायला आलेले. मी सहज म्हटलं, चिमणे, इतक्यात एवढी पळवलीस?

तिनं काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो. “इतक्यात कुठे काका, गेल्या वर्षी एप्रिलात घेतली. बाबा त्या कंपनीत जाणार हे ठरलं तेव्हाच त्यांना स्वस्तात मिळाली ना.”

तिला वाटलं, मला ठाऊक आहे. तू माझा भाऊ, मला ठाऊक नसेल असं त्या पोरीच्या मनात तरी का यावं? मी टायरमधली हवा बघितली, एकात कमी होती ती भरली, आणि तिला सांभाळून जा म्हटलं.

गेल्या वर्षी एप्रिलात, दादा. तुझी पारवा घेऊन ड्रायव्हर माझ्या दारात आला तोच महिना. नवी आली की जागा नाही म्हणालास, ते खरंच होतं. फक्त नवी कोणती ते सांगितलं नाहीस. मी तुझ्या गाडीला गिऱ्हाईक शोधत होतो आणि तू स्वतःचं सामान आवरून झाल्याचं मला कळू देत नव्हतास. मार्चमध्ये माझं दार उघडं होतं. तू लिहिलंस, इंजिन बसतं, निश्चिंत राहा. ते वाचून मी सही करून नकार पाठवला.

आणि डिसेंबरात मी तुला वरच्या खोल्या झाडून देत होतो. याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटते मला. तू ते पत्र वाचलं असशील तेव्हा तुझ्या मनात काय आलं असेल याचा मी काल रात्रीपासून विचार करतोय. हसलास का?

कंपनीनं फसवलं याचा मला राग नाही, कंपनी माझी कोण लागते? तू केसानं गळा कापलास. मला एवढंच सांग, तुला कधी कळलं?

धाकटा


८ जून १९९७

धाकट्या,

हसलो नाही. एवढं तरी माझ्याबद्दल समजू नकोस.

कधी कळलं विचारतोस तर तुझ्याच पत्रामुळे. तू विचारलंस, इंजिन कुठे बसणार. मला आधी राग आला. मग मी तो प्रश्न घेऊन इंजिनवाल्यांच्या खोलीत गेलो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेलो, नाहीतर तेच यायचे. ज्या साहेबाशी जन्मभर भांडलो तो टेबल आवरत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्हाला अजून कुणी सांगितलं नाही? त्या गाडीला इंजिन कशाला हवं? ती गाडी विकायचीच नाही. ती दाखवून कंपनी विकायची आहे.”

म्हणजे माझ्या हाताला हात लावू नका असं कुणीही कुणाला बजावलं नव्हतं. त्यांना माझ्या बॉनेटशी काही देणंघेणंच नव्हतं. मी सात-आठ महिने आनंदात होतो ते असं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी वर बोलावलं. म्हणाले, सौदा होईपर्यंत एजंट टिकले पाहिजेत. ते सुटले तर घेणारे मागे फिरतील, आणि मग सगळेच रस्त्यावर. घेणाऱ्यांना मातीवाले हवेत, तुमचं नाव मी दिलंय. फक्त तोंड बंद ठेवा. मी काय करायला हवं होतं? तुला सांगितलं असतं तर तू मिस्त्रींना सांगितलं असतंस, मिस्त्रींनी टायरवाल्याला. चिमणीचं शिक्षण अर्ध्यात होतं. तुझ्या हातात कला आहे, तू कुठेही पोट भरशील. माती तासणाऱ्याला जगात जागा किती?

आणि मी सुटलो असं समजू नकोस. सौदा झाल्यावर ती गाडी फोडायची होती. दुसऱ्या कुणाचा हात लागू नये म्हणून मीच फोडली. फावड्यानं. पहिला घाव त्या रेघेवरच घातला. माती भट्टीत गेली, मऊ झाली, आणि त्याच मातीतून आम्ही नव्या कंपनीची पुढची गाडी घडवतोय. उद्या तुझ्या समोरच्या काचेत उभी राहील ना, तीच.

फसलो तर मीही आहे. आपण दोघंही फसलो, असं समजून हे मिटवून टाकता येणार नाही का?

दादा


३ ऑक्टोबर २००६

चि. धाकट्या,

नऊ वर्षं झाली, तू एका पत्राचं उत्तर दिलं नाहीस. चिमणीच्या लग्नालाही वहिनी दाराकडे बघत होती. मी तक्रार करत नाही. या वर्षाअखेर माती विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त होतोय, आणि निघता निघता एक चांगलं काम हातून व्हावं असं वाटतं.

तुला माहीत असेलच, जुन्या पारवाला हल्ली पुन्हा दिवस आलेत. तरुण पोरं शोधत फिरतात, पितळी पक्षी घरात मांडून ठेवतात. नाव आमच्या कंपनीकडेच आहे. आता वरच्यांनी ठरवलंय, की पुढच्या वर्षीच्या नव्या गाडीला पारवा हे नाव द्यायचं आणि मुख्य कचेरीच्या दालनात एक जुनी, अस्सल पारवा उभी करायची. कुणाची, असा प्रश्न निघाला तेव्हा मी माझ्या गाडीचं नाव पुढे केलं. मुख्याध्यापिकाबाई तुझं ऐकतील. त्या म्हणतील त्या अटीवर ती मिळवून दे. खाली पाटीवर तुझ्या वर्कशॉपचं नाव घालायचं मी साहेबांकडून कबूल करून घेतलंय. मावशी असती तर खूश झाली असती.

गाडी चालती असायची गरज नाही. दालनात तेल गळलेलं चालत नाही, त्यामुळे इंजिन काढूनच पाठव. ते तुझ्याकडे ठेव, तुला सुट्या भागांना उपयोगी पडेल. बाहेरून नीट दिसली म्हणजे झालं.

या निमित्तानं दोन ओळी तरी लिही.

तुझा दादा


१९ ऑक्टोबर २००६

प्रति,
प्रमुख, माती विभाग

महोदय,

आपलं पत्र पोचलं.

आपण विचारलेली गाडी मुख्याध्यापिकाबाईंच्या मालकीची आहे. त्या आता निवृत्त आहेत. आपलं म्हणणं मी त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, इंजिन काढून नेणार म्हणजे काय? मग दर रविवारी मी बहिणीकडे जायचं कशात? गाडी विकायची नाही, असं त्यांनी कळवायला सांगितलं आहे. ती ज्यानं वापरली तो माणूस सरळ असणार, असं त्या अजून म्हणतात. मी त्यांना काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. चांगल्या गाडीवरचा त्यांचा विश्वास उगाच का उडवा?

आमच्या वर्कशॉपचं नाव आपल्या पाटीवर घालू नये. शोरूम मी केव्हाच सोडलं, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. वर्कशॉप मागच्या गल्लीत चालू आहे. मिस्त्री गेले. गेल्याच वर्षी. शेवटपर्यंत कामावर येत होते. लांबलांबून लोक पारवा घेऊन येतात, कारण दुसरीकडे तिला कुणी हात लावत नाही. इथे येणारी प्रत्येक गाडी चालत येते नाहीतर ओढून आणावी लागते, पण जाताना चालत जाते. तिच्यात इंजिन असतं. ते काढून घेऊन वरचा पत्रा दिखाव्याला द्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

आपण इंजिन नको म्हणून लिहिलंत याचं मला नवल वाटलं नाही. इंजिन नसलेली पारवा दिव्याखाली उभी केली, की माणसं तिच्या भरवशावर किती दिवस थांबून राहतात, हे आपण पाहिलेलं आहे. मीही थांबून पाहिलं आहे.

तेव्हा दालनात गाडी हवीच असेल तर निवृत्तीच्या आधी आपण स्वतः एक मातीची घडवावी. आपल्याइतकी हुबेहूब दुसऱ्या कुणाला जमणार नाही. बॉनेट हवं तेवढं खाली घ्या. इंजिन कुठे बसणार, असं या वेळी मी विचारणार नाही.

आपला,
वर्कशॉपचा मालक